कर्टिसची हाक

हा प्रसंग मी कधी सांगितला नाही, असं म्हणता येणार नाही. गेली पन्नास वर्षं मी तो सांगतच आलो आहे. मंडळाच्या गणपतीत, कुणाच्या साठीच्या जेवणात, "काका, तुम्ही म्हणे प्रोफेशनल बेसबॉल खेळायचात?" असं एखाद्या नव्या मुलाने विचारलं की मी खुर्ची पुढे ओढायचो आणि सुरू व्हायचो. मैदानाच्या टोकाला झेल घेणारे दोन आउटफिल्डर एकमेकांवर कसे आदळले, माझे दोन दात कसे हलले, आई कशी रडली, सगळं हातवारे करून. लोक हसायचे, हळहळायचे, पुन्हा सांगा म्हणायचे. त्या गोष्टीत एक वाक्य असं आहे, की ते मी प्रत्येक वेळी जरा भरभर म्हणून पुढे सरकतो. ते वाक्य खोटं आहे. बाकीची सगळी गोष्ट मी त्या एका वाक्याला झाकण्यासाठी रचली, हे कळायलाही मला बराच वेळ लागला. सत्तरी उलटून गेली आहे, आता भरभर बोलायचं कारण उरलेलं नाही.

मी दहा वर्षांचा असताना आम्ही सांगलीहून अमेरिकेत, पिस्कॅटवेला आलो. बाबा रंग बनवणाऱ्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट होते. तेव्हा आमच्या भागात मराठी घरं तीन. भाजी मिळायची ती बटाटा, कोबी आणि फ्लॉवर. बाकीचं आई आठवणीतून शिजवायची. बाबा कॉलेजात असताना क्रिकेट खेळलेले, आणि इथे क्रिकेट नाही याचं दुःख त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. फक्त कामावरून आले की बूट न काढता मागच्या अंगणात जायचे आणि मला उंच उंच झेल द्यायचे. त्यांचे नियम दोनच. ज्याला चेंडू समोर दिसतो त्याचा झेल, इकडे-तिकडे बघायचं नाही. आणि झेल जमिनीला लागला असेल तर अंपायरने विचारायच्या आत आपण सांगायचं. "विचारल्यावर काय, चोरही सांगतो," असं ते म्हणायचे. झेल सुटला तर रागवायचे नाहीत. झेल घेताना मी त्यांच्याकडे पाहिलं तर मात्र रागवायचे. संध्याकाळी आमच्या अंगणात एकच आवाज असायचा, "घे! घे!" शेजारची गोरी बाई आईला म्हणाली होती की तुमच्या मुलाचं नाव 'घे' आहे असं आम्हाला इतके दिवस वाटत होतं.

त्या झेलांमुळे मी शाळेच्या बेसबॉल संघात गेलो आणि पायांत वेग व हातात फेक असल्यामुळे पुढे एका मायनर लीग संघाने मला लेफ्ट फिल्डसाठी, म्हणजे मैदानाची डावी बाजू सांभाळायला, करारावर घेतलं. मायनर लीग म्हणजे मोठ्या लीगच्या खालची शिडी. आमचा संघ त्या शिडीच्या सर्वांत खालच्या पायरीवर होता. मैदान आमच्या घरापासून चाळीस मिनिटांवर, त्यामुळे मी घरीच राहायचो. बाबांनी माझ्याशी करार केला होता: दोन उन्हाळे. दोन उन्हाळ्यांत वर गेलास तर खेळ, नाहीतर इंजिनिअरिंग. आईला या करारातलं काही पटलेलं नव्हतं. "लोकांची मुलं डॉक्टर होतात, आमचा गवतात उभा राहतो," असं ती फोनवर मावशीला सांगायची, पण माझा गणवेश ती स्वतः हाताने धुवायची. मशीनवर तिचा भरवसा नव्हता.

दुसऱ्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला कर्टिस आमच्या घरी आला. तो आमचा सेंटर फिल्डर, मैदानात माझ्या शेजारी मधोमध उभा राहणारा. अलाबामातल्या एका लहान गावातला, काळा, उंच, पंचविशीचा, म्हणजे त्या पायरीवर म्हातारा. तिथे अशी पद्धत होती की खेळाडूंना पगार जेमतेम, म्हणून गावातली कुटुंबं एकेकाला उन्हाळाभर घरी ठेवून घ्यायची. कर्टिसला ज्या घरी ठेवलं होतं ते घर अचानक विकलं गेलं आणि त्याची बॅग क्लबहाउसच्या बाकाखाली आली. मी त्याला एका दिवसापुरतं घरी आणलं. आईने दार उघडलं, त्याच्याकडे खालून वर पाहिलं आणि मला मराठीत म्हणाली, "एवढ्याला किती पोळ्या लागतील रे?" तो उन्हाळाभर राहिला.

तळघरातली खोली त्याची झाली. आरशाच्या कोपऱ्यात त्याने आपल्या मुलीचा फोटो खोचला होता, डेनिसचा. ती तीन वर्षांची होती आणि त्याच्या आईकडे असायची. सकाळी कुकरच्या पहिल्या शिट्टीला तो घाबरून वर धावत आला होता. पुढे पुढे त्याच शिट्टीवर उठायला लागला. आईला तो पहिल्या दिवशी 'मॅम' म्हणाला. आई म्हणाली, "मॅम माझ्या ऑफिसात. घरी काकू म्हणायचं." बाबांना मात्र तो शेवटपर्यंत 'सर'च म्हणत राहिला आणि बाबांना ते आतून आवडायचं. थालीपीठ त्याला इतकं आवडलं की आई भाजणी संपत आल्याची चिंता मोठ्याने करायला लागली, कारण ती वर्षातून एकदा सांगलीहून यायची. मेतकूट मात्र तो भाताऐवजी उकडलेल्या अंड्यांवर टाकून खायचा. आई तोंड फिरवायची, पण डबा पुढे करायची.

एकदा त्याच्या ग्लव्हचं चामडं वाळून कडक झालेलं आईने पाहिलं. तिने काही न विचारता खोबरेलाची बाटली आणली आणि पोरीच्या केसांना लावावं तसं बोटांनी ते ग्लव्हला चोळलं. कर्टिस हसून हसून जिन्यावर बसला. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "काकू, चेंडू आता आपणहून आत येतो. पण सगळं आउटफिल्ड तुमच्या डोक्यासारखं वास मारतंय." मग ते दर रविवारचं काम झालं, दोघांचे ग्लव्ह शेजारी शेजारी, वर्तमानपत्रावर.

मैदानावर त्याने मला जे शिकवलं ते कुठल्याही प्रशिक्षकाने शिकवलं नसतं. चेंडू बॅटला लागल्याच्या आवाजावरून तो किती लांब जाणार हे कसं ओळखायचं, उन्हात डोळ्यांवर ग्लव्हची सावली कशी धरायची, भिंत किती पावलांवर आहे हे न बघता कसं मोजायचं. आणि सगळ्यात आधी हाकेचा नियम. आउटफिल्डमध्ये तिघे उभे असतात, मधला राजा. दोघांच्या मध्ये उंच चेंडू आला आणि मधल्याने "माझा!" अशी हाक मारली की बाजूच्याने थांबायचं, चेंडू त्याच्या नाकावर पडत असला तरी. "तू माझ्यापेक्षा जोरात धावतोस, विल," तो म्हणायचा. विलासचं विल त्यानेच केलं. "म्हणून तुला थांबायला शिकायला हवं. नाहीतर एक दिवस आपल्यातला एक जण मरेल." तो एकदा नाही, तीनदा हाक मारायचा. त्याची हाक खणखणीत नव्हती, जराशी घोगरी होती, पण मला ती शंभर माणसांच्या गोंगाटातून ओळखू यायची. त्या उन्हाळ्यात मी तिच्यासाठी किती वेळा थांबलो असेन, गणती नाही.

ऑगस्ट संपत आला तेव्हा मॅनेजरने, आम्ही त्यांना स्किप म्हणायचो, आम्हा दोघांना बोलावून सांगितलं की वरच्या संघाला एक आउटफिल्डर हवा आहे आणि पुढच्या आठवड्यात ते ठरवतील. एक. दोघांचीही नावं गेली आहेत.  गाडीतून घरी येताना कर्टिस म्हणाला, "तू गेलास तर मी टाळ्या वाजवीन. पण मला जायचंय, हे तुला खोटं सांगणार नाही. मी पुढच्या वर्षी सव्वीसचा होईन. मला कुणी विचारणार नाही." मी म्हणालो, "मलाही जायचंय." तो म्हणाला, "मग ठीक आहे," आणि रेडिओ लावला. इतका सरळ माणूस होता.

त्या रविवारी दुपारचा सामना होता. बाबा आले होते. बाबा कधी खुर्चीवर बसायचे नाहीत. आमचं मैदान लहान, लेफ्ट फिल्डच्या कडेला कमरेएवढं तारेचं कुंपण, त्याला टेकून चहाचा थर्मास घेऊन ते उभे राहायचे, माझ्यापासून वीस-पंचवीस पावलांवर. सातव्या डावात समोरच्या फलंदाजाने चेंडू उंच मारला, माझ्या आणि कर्टिसच्या बरोबर मध्ये, थोडा माझ्याकडे झुकलेला. मी धावलो. चेंडू मला स्वच्छ दिसत होता. आणि उजवीकडून बाबांचा आवाज आला, अंगणातला, दहा वर्षांपासूनचा: "घे! विलास, घे!"

आणि डावीकडून कर्टिसची हाक आली. एकदा. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा.

मी ऐकली. हेच ते, जे मी भरभर बोलून टाळत आलो. मी तिन्ही हाका ऐकल्या, मला त्या कळल्या, आणि दुसऱ्या हाकेनंतर माझ्या मनात स्पष्ट विचार आला की वरच्या संघाचे लोक आज आले असतील. बाबांच्या आवाजाने मी धावलो असं मी पुढे स्वतःला अनेक वर्षं समजावलं. ते अर्धंच खरं आहे. बाबांनी मला धावायला लावलं असेल, पण थांबलो नाही तो मी.

त्याचा गुडघा माझ्या मांडीवर आदळला आणि जो आवाज आला तो मी इथे लिहिणार नाही. चेंडू माझ्या ग्लव्हमध्ये होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मग त्या थांबल्या.

त्याला इस्पितळात नेलं. सामना संपल्यावर स्किप माझ्याजवळ आले, मी तोंडात बर्फ धरून बसलो होतो. त्यांनी विचारलं, "विल, त्याने हाक मारली होती?" साधा प्रश्न. त्यांचा चेहरासुद्धा रागीट नव्हता. मी बर्फ तोंडातून काढला आणि म्हणालो, "मला नाही ऐकू आली, स्किप." तेच ते वाक्य.  "एवढी वर्षं खेळलेला माणूस," स्किप स्वतःशीच म्हणाले, "आणि हाक मारत नाही." मग त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं.

 गाडीत बाबा रस्त्यावरून नजर न काढता म्हणाले, "मी ओरडायला नको होतं. मला इथला नियम माहीत नाही."

"ठीक आहे, बाबा."

"पण मला त्याची हाक ऐकू आली. मी कुंपणापाशी होतो. तू तर जवळ होतास."

मी खिडकीबाहेर बघत राहिलो. ते म्हणाले, "काय सांगितलंस त्यांना?" मी सांगितलं.  घराच्या वळणावर फक्त एवढं म्हणाले, "उद्या जाऊन सांग." मी हो म्हणालो. दुसऱ्या दिवशी मी गेलो, सराव केला आणि परत आलो. बाबांनी जेवताना माझ्याकडे पाहिलं आणि त्यांना कळलं. त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. माझा सामना बघायलाही ते पुन्हा कधी आले नाहीत. ते स्वतः जाऊन स्किपना का बोलले नाहीत, हा प्रश्न मला तरुणपणी पडायचा. माझा मुलगा मोठा झाल्यावर तो पडेनासा झाला. झेल जमिनीला लागला तर ज्याचा झेल त्याने सांगायचं असतं. त्यांचा नियम तसा होता, आणि ते वाट बघत होते.

चौथ्या दिवशी कर्टिस कुबड्या घेऊन घरी आला. मांडीपासून घोट्यापर्यंत पांढरं प्लास्टर. जिना उतरता येईना म्हणून आईने त्याला दिवाणखान्यात झोपवलं आणि उरलेली सगळी भाजणी काढून थालीपिठं लावली. आम्ही चौघं टेबलाशी बसलो. तव्यावरून थालीपीठ त्याच्या ताटात टाकताना आई कळवळून म्हणाली, "अरे, पण तू ओरडला का नाहीस रे बाळा? एक हाक मारली असतीस तर विलास थांबला असता ना!" आईला मी सांगितलं तेवढंच माहीत होतं. तिने ते इंग्रजीत विचारलं, तिच्या पद्धतीच्या, प्रत्येक शब्द सुटा करून.

कर्टिसचा घास हातातच राहिला. त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या नजरेत आरोप असता तर मी कदाचित बोललो असतो. तो खरोखर विचारत होता, जसा आपण बरोबरच्या माणसाला विचारतो की दिवा मालवला होता ना आपण? मी लोण्याची वाटी जवळ ओढली. बाबांचा हात ताटाशेजारी मुठीसारखा पडला होता. बराच वेळ गेला असं मला वाटतं, पण तव्यावरचं थालीपीठ करपलं नाही, म्हणजे फार गेला नसावा.

"मला वाटतं मी मारली होती, काकू," कर्टिस म्हणाला. मग घास खाली ठेवून, "पण विलला ऐकू आली नाही म्हणजे, हळू मारली असेन."

"हळू कशाला मारायची?" आई म्हणाली आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

आठवड्याने वरच्या संघाने मला बोलावलं. कर्टिसला पत्र आलं, तीन ओळींचं, संघातून काढल्याचं. गुडघा दुखावलेल्या खेळाडूला ते वर्षभर सांभाळतात असं कधी कधी घडायचं, पण हाक न मारणाऱ्या सेंटर फिल्डरला कोण सांभाळणार? त्याला बसस्टँडवर बाबांनी सोडलं. मी माझी बॅग भरत होतो, असं कारण काढून वरच थांबलो. खिडकीतून दिसलं की आईने त्याला मेतकुटाचा डबा आणि खोबरेलाची बाटली दिली आणि तो कुबडीवर तोल सांभाळत खाली वाकला, तिला नमस्कार करायला. मोठी माणसं घरी आली की आम्ही करतो ते त्याने कधीतरी पाहिलेलं असणार. त्याला गुडघ्यात वाकता येईना. आईने त्याला अर्ध्यातच धरलं.

त्या एका वाक्याच्या जोरावर मी वरच्या पायरीवर दीड हंगाम खेळलो. तिथले गोलंदाज चेंडू वळवायचे आणि मला वळणारा चेंडू कधीच मारता आला नाही. मला काढलं तेव्हा माझ्या जागी कोण आलं हे बघायलाही मी थांबलो नाही. इंजिनिअरिंग केलं, लग्न केलं, नेपरव्हिलला घर घेतलं आणि मंडळात गोष्ट सांगायला लागलो.

आईने मात्र कर्टिसशी पत्रव्यवहार ठेवला. ती त्याला दिवाळीचं कार्ड पाठवायची, तो तिला नाताळचं. ती गेली तेव्हा मी तिच्या वहीतल्या नंबरवर त्याला फोन केला. मनाशी ठरवलं होतं की आईचं सांगून झालं की तेही सांगायचं. तो रडला. मग आम्ही जुनं बोलत बसलो. तो शाळेची बस चालवत होता आणि संध्याकाळी गावातल्या मुलांना बेसबॉल शिकवत होता. "मी त्यांना माझा पाय दाखवतो," तो हसत म्हणाला. "सांगतो, बघा, मी हळू हाक मारली, म्हणून हे झालं. तुमची हाक बहिऱ्या आजीलासुद्धा ऐकू गेली पाहिजे. विल, माझी पोरं इतकी ओरडतात, की शेजारचे तक्रार करतात."

मी तोंड उघडलं होतं. मी म्हणालो, "चांगलं शिकवतोस." आणि त्याने विचारलं, थालीपिठाची भाजणी कशी करतात, ते काकूंनी कुणाला सांगून ठेवलंय का? मी म्हणालो कृती पाठवतो. तीही पाठवली नाही.

या वर्षी दोन गोष्टी घडल्या. मेमध्ये माझी नात इरा, बारा वर्षांची, सॉफ्टबॉलचा सामना हरून गाडीत येऊन बसली आणि रडायला लागली. ती सेंटरला असते. तिने हाक मारली, बाजूची मुलगी तरी मध्ये घुसली, चेंडू पडला आणि ती मुलगी म्हणाली मला ऐकू नाही आलं. "शी हर्ड मी! आय नो शी हर्ड मी!" माझा मुलगा गाडी चालवता चालवता म्हणाला, "जाऊ दे ना बेटा, गोंधळात कुणाला काय ऐकू येतं." इराने मागे वळून मला विचारलं, "आजोबा, यू प्लेड. ऐकू येतं ना?"

मी म्हणालो, "येतं. सगळं ऐकू येतं." पन्नास वर्षांत याबाबत मी बोललेलं ते पहिलं खरं वाक्य. ते चुकीच्या माणसापाशी बोललो.

आणि जूनमध्ये डेनिसचा फोन आला, आरशातल्या फोटोतल्या मुलीचा. आता तीही आजी झाली आहे. कर्टिस झोपेतच गेला होता. त्याची मुलं, म्हणजे त्याने शिकवलेली सगळी, आता चाळिशी-पन्नाशीची माणसं, चर्चमध्ये जमणार होती, आणि तिला माझ्याकडून चार ओळी वाचायला हव्या होत्या. "त्यांचा ग्लव्ह मी शवपेटीत ठेवतेय," ती म्हणाली. "त्याला अजून खोबऱ्याचा वास येतो. दर वर्षी स्वतः तेल लावायचे. काकूची पद्धत म्हणायचे." मी चार ओळी लिहून पाठवल्या. त्यांत कुकरची शिट्टी होती, अंड्यांवरचं मेतकूट होतं, आई होती. डेनिसने कळवलं की लोक हसले आणि रडले, आणि त्या ओळी ती चौकटीत लावणार आहे.

त्या ओळींत जे नव्हतं ते इथे लिहितो. ते वाचणारा आता नाही, आणि तो होता तेव्हा ते सांगायला एक मिनिटही लागलं नसतं, हे मला ठाऊक आहे.

कर्टिस, तू हळू मारली नव्हतीस. तू तीन हाका मारल्यास. मी तिन्ही ऐकल्या.